‘तुम्हाला मुलं आहेत का?’

गेल्या वर्षी फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या कोलशेतच्या महिला मंडळात आम्ही पालकांसाठी एक कार्यक्रम ठेवला होता. विषय होता ‘मुलांचं जेवण, मोबाइल आणि आपण’. ठाण्याहून एक समुपदेशक आल्या होत्या. वय असेल बत्तीस-तेहेतीस. हसरी, चुणचुणीत मुलगी. हातात कागद नाही, की बोलताना अडखळणं नाही. सतरंजीवर चाळीसेक बायका, त्यांच्या मांडीवर, खांद्यावर, पाठीमागे मुलं. नेहमीसारखा गलबला चालू होता.

ती छान बोलत होती. मुलाच्या मागे ताट घेऊन धावू नका, भूक लागली की ते खाईल, घास भरवताना समोर मोबाइल धरू नका, असं सगळं. आम्ही माना डोलवत होतो. आणि मग ती म्हणाली, “खरं सांगू का, बऱ्याचदा मोबाइल मुलाला नको असतो, आईला हवा असतो. आपल्या सोयीसाठी आपण मुलांना सवयी लावतो.”

मला ते लागलं. माझी मुलं आता कॉलेजात आहेत, मोबाइल दाखवून जेवू घालायचा जमाना माझा नव्हेच. तरी लागलं. ‘सोय’ हा शब्द लागला. चार वाजता पाणी भरायला उठणारी, दोन घरची धुणीभांडी करून येणारी बाई समोर बसली होती. तिची कसली आलीय सोय? मी उभी राहिले आणि विचारलं, “ताई, तुम्हाला मुलं आहेत का?”

क्षणभर शांतता. मग हशा पिकला. कुणीतरी टाळीही वाजवली. ती मुलगी म्हणाली, “नाही.” एवढंच. पुढची दहा मिनिटं ती बोलली, पण तो सूर गेला होता. आभार मानले, नारळ दिला, चहा झाला. घरी जाताना दोघी-तिघींनी मला म्हटलं, “बरं झालं विचारलंस. लग्न नाही, पोर नाही, आणि आम्हाला शिकवायला आली!”

खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला माझंच कौतुक वाटलं.

पण मैत्रिणींनो, त्या प्रश्नाचा बाण भलत्यालाच लागला होता, हे मला महिन्याभराने कळलं. तेच आज सांगायचंय.

बाय गप्प झाली

ज्यांनी आमचं कोलशेत पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. घोडबंदर रोडवरून आत वळलं, ढोकाळी मागे टाकली की खाडीच्या दिशेने आमचं गाव लागतं. मूळची वस्ती आगरी-कोळ्यांची. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे रसायनांचे कारखाने होते, भोंग्यावर घड्याळं लागायची. आता त्याच जागी मोठमोठे टॉवर उभे आहेत. एकीकडे गावठाणातली लागून-लागून घरं, दुसरीकडे विसाव्या-तिसाव्या मजल्यावर राहणारी कुटुंबं. दोन्हीकडच्या आया आमच्या मंडळात येतात.

मंडळाची एक छोटी बालवाडी आहे. ती चालवणारी बाई गावातलीच. सगळे तिला ‘बाय’ म्हणतात, मीही तेच म्हणते. बायला मूल झालं नाही. बावीस-तेवीस वर्षं ती बालवाडी सांभाळतेय. पहिल्या वर्षीच्या तिच्या मुलांची आता लग्नं झाली, त्यांची पोरं तिच्याकडे येतात.

बालवाडीत एक मुलगी यायची. तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊही येऊन बसायचा, दोन वर्षांचा. गुटगुटीत, गोड पोर. बोलत मात्र नव्हता. त्याच्या आईने मला एकदा काळजीने विचारलं होतं. मी काय सांगितलं असेल? “अगं, मुलगे उशिराच बोलतात. माझा मोठा अडीच वर्षांचा होईपर्यंत ‘आई’ म्हटला नव्हता. आता त्याची बडबड थांबत नाही!” तिच्या सासूनेही तेच सांगितलं, शेजारणीनेही. तिघी मुलं वाढवलेल्या बायका. ती निर्धास्त झाली.

मार्चमध्ये बाय माझ्याकडे आली. दाराशीच घुटमळली. म्हणाली, “ताई, त्या पोराला ऐकायला येत नाय असं मला वाटतं. मागून हाक मारली तर बघत नाय. डबा आपटला तर बघतो, पण तो जमिनीला हादरा बसतो म्हणून. परवा दारामागून घंटा वाजवली, सगळी पोरं वळली, हा नाय वळला.”

मी विचारलं, “कधीपासून वाटतंय तुला?”

“दिवाळीच्या पुढंमागं.”

“मग त्याच्या आईला का नाही सांगितलंस?”

ती खाली बघत म्हणाली, “सांगणार होते. पण तुमची ती मीटिंग झाली ना. म्हटलं, एवढ्या शिकलेल्या पोरीला तुम्ही विचारलंत, तर मला काय विचारतील? तिची सासू आधीच बोलते, तुला गो काय ठावं पोरांचं?”

मी ऐकून सुन्न झाले. ज्या प्रश्नावर मी टाळ्या घेतल्या होत्या, त्याने हिचं तोंड बंद केलं होतं. आणि त्या मुलाचा महिना वाया गेला होता. त्याच्या आधीचे महिने कुणी घालवले? मी, त्याची आजी, शेजारीण. सगळ्या अनुभवी आया!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या घरी गेलो. बोलणं सोपं नव्हतं. सासू उखडली. आई रडायला लागली. पण तिने मुलाला डॉक्टरकडे नेलं. मुलाला झोपवून त्याच्या कानाची ‘बेरा’ नावाची तपासणी झाली. आवाज केल्यावर कानापासून मेंदूपर्यंत संदेश जातो की नाही, हे त्यात कळतं. मुलाला उत्तर द्यावं लागत नाही, म्हणून ती लहान बाळाचीही करता येते. बायचा संशय खरा निघाला. दोन्ही कानांनी खूपच कमी ऐकू येत होतं.

तेव्हा मला जे कळलं ते तुम्हालाही सांगते, कारण उपयोगी पडेल. ऐकू न येणारं बाळही पहिल्या काही महिन्यांत हुंकार देतं, आवाज काढतं. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. शिवाय ते नजरेने टिपतं, हादऱ्याने ओळखतं, आणि आपल्याला वाटतं ऐकतंय. वर्षाच्या आसपास मूल नावाने हाक मारली की वळायला हवं, एखाददुसरा शब्द यायला हवा. दोन वर्षांचं मूल साधारण दोन शब्द जोडून बोलतं. तसं नसेल तर ‘मुलगे उशिरा बोलतात’ म्हणून थांबू नका, आधी कान तपासून घ्या. भाषा शिकण्याची मेंदूची तयारी पहिल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त असते. उशिराने मशीन लावलं तर आवाज येतो, पण शब्द शिकायला जास्त कष्ट पडतात.

एक मूल आणि शंभर मुलं

त्यानंतर मी खूप विचार केला. माझ्याकडे काय होतं? दोन मुलं वाढवल्याचा अनुभव. तो खरा होता, रात्रीच्या जागरणांनी कमावलेला होता. पण तो माझ्या दोन मुलांचा होता. माझा मुलगा उशिरा बोलला हे खरं, म्हणून दुसऱ्याचं न बोलणारं मूल ठीकच असेल असं थोडंच आहे? बायने एकही मूल जन्माला घातलं नाही, पण तिच्या डोळ्यासमोरून काही शे मुलं गेली. त्यामुळे वेगळं काय आहे ते तिला दिसलं. आपल्या घरातलं मूल आपल्याला जितकं आतून कळतं, तितकंच ‘सगळी मुलं अशीच असतात’ असं वाटायला लागतं. तिथेच आपण फसतो.

आणि एक गंमत बघा. बाळंतपण करायला पुरुष डॉक्टर असला तर आपण त्याला विचारतो का, “डॉक्टर, तुम्ही कधी कळा सोसल्यात?” बालरोगतज्ज्ञाने औषध लिहून दिलं तर त्याच्या घरी मूल आहे की नाही याची चौकशी करतो का? नाही. हा प्रश्न आपण फक्त बाईला विचारतो. तीही आपल्यासारखीच बाई. तिला मूल नाही हे आपल्याला खुपतं, आणि वेळ आली की तेच आपण तिच्या तोंडावर फेकतो.

उलट मुलं असली म्हणजे माणूस शहाणा होतो असंही नाही. फ्रान्समध्ये रूसो नावाचा मोठा विचारवंत होऊन गेला. मुलांना कसं वाढवावं यावर त्याने १७६२ मध्ये ‘एमिल’ नावाचा ग्रंथ लिहिला. साऱ्या युरोपात तो गाजला. आणि याच माणसाने स्वतःची पाचही मुलं अनाथालयात सोडली होती! बाप होता की तो. पण त्याच्या त्या बाप असण्याचा त्याच्या मुलांना काय उपयोग झाला?

कोसबाडच्या टेकडीवरची आई

मी मराठी घेऊन बी.ए. केलं. तेव्हा अनुताई वाघांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र वाचलं होतं. बायचा प्रसंग घडल्यावर ते मला पुन्हा आठवलं. कोसबाड आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं. २०१४ साली जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हापासून ते पालघर जिल्ह्यात गेलं, एवढंच.

अनुताईंचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. त्या काळच्या समाजाने अशा मुलीसाठी ठरवलेलं आयुष्य काय असायचं, ते वेगळं सांगायला नको. त्यांनी ते नाकारलं. शिकल्या, शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या आणि लहान मुलांच्या शिक्षणाच्या कामाला लागल्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांत गेलं. १९८५ मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्या गेल्या.

त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. पण त्यांनी पाड्यावरच्या आयांना काय दिलं ते बघा. आईबाप मजुरीला जाणार, मोठी मुलं गुरं राखणार आणि कडेवर धाकटं भावंडं सांभाळणार. अशी मुलं शाळेत येणार कशी? ‘आईने मुलाला शाळेत पाठवलंच पाहिजे’ असं भाषण करून काही झालं नसतं. ताराबाई आणि अनुताईंनी शाळाच मुलांकडे नेली. गुरं चरतात तिथे कुरणशाळा, वस्तीतल्या अंगणात अंगणवाडी. धाकट्या भावंडासाठी पाळणाघर, म्हणजे मोठी बहीण शिकायला मोकळी. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं हासुद्धा शिक्षणाचाच भाग. आज ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर झाला आहे. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तिच्या केंद्रांचं नाव हेच. त्या शब्दाचं मूळ बोर्डीच्या वस्तीतल्या अंगणात आहे.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की ताराबाईंना मुलगी होती, अनुताईंना मूल नव्हतं. एक आई, एक आई नसलेली. १९७३ साली ताराबाई जाईपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं दोघींनी एकाच कामात घालवली. त्यातलं कुठलं काम आईने केलं आणि कुठलं आई नसलेलीने, हे कुणाला सांगता येईल का?

आपल्या मातीत अशी उदाहरणं कमी नाहीत. सावित्रीबाई फुल्यांना मूल झालं नाही. पण १८६३ साली पुण्यात जोतिरावांनी आणि त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं केली आणि त्यातल्याच एका मुलाला, यशवंताला, आपलं म्हणून वाढवलं. रघुनाथराव कर्व्यांनी आणि मालतीबाईंनी मूल होऊ न देण्याचं ठरवलं होतं. पण दर वर्षी बाळंत होऊन खंगणाऱ्या बाईची बाजू कोणी घेतली? रघुनाथरावांनी. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले. तेव्हा आयांना स्वतः बोलायची सोयच नव्हती. “आधी तुम्हाला किती मुलं ते सांगा” असं म्हणून त्यांना गप्प केलं असतं, तर नुकसान कोणाचं झालं असतं?

मग माझा राग चुकीचा होता का?

तरीही, मैत्रिणींनो, माझा राग सगळाच चुकीचा होता असं मला अजून वाटत नाही. मुलाबद्दल बोलणं वेगळं आणि आईच्या वतीने बोलणं वेगळं. मुलाची भूक, झोप, कान, डोळे याविषयी ज्याचा अभ्यास आहे त्याने जरूर बोलावं. पण ‘आईला काय वाटतं’, ‘आई असं का करते’ हे तिला न विचारता ठरवू नये. सहाव्या महिन्यात बाळ रात्रभर रडतं तेव्हा आई त्याला मोबाइल दाखवते, ती सोय म्हणून की डोक्यावर झोपलेल्या सासऱ्यांची झोपमोड होईल म्हणून? एका खोलीत सहा माणसं असली तर ‘मुलाला शांत जागी बसवून जेवू घाला’ हे कुठे बसवायचं? नवरा रात्रपाळीचा, पाणी पहाटे येणार, आणि तज्ज्ञ सांगणार संध्याकाळी अर्धा तास मुलाशी गप्पा मारा. सल्ला वाईट नसतो, पण त्यात आईचं घर नसतं. आणि शेवटी दोष मात्र आईच्याच पदरात.

हे ज्याला दिसत नाही, त्याला चार मुलं असली तरी दिसत नाही. आणि ज्याला दिसतं, त्याला एकही नसलं तरी दिसतं. अनुताईंना ते दिसलं, कारण त्या पाड्यावर राहिल्या.

मे महिन्यात मी धीर करून त्या समुपदेशक मुलीला फोन केला. माफी मागितली. ती हसली. म्हणाली, “काकू, प्रश्न चुकीचा नव्हता. फक्त तुम्ही उत्तराला थांबला नाहीत. मला सांगायचं होतं, की मला मूल नाही, म्हणून मी रोज आयांना विचारते. आणि तो ‘सोय’ शब्द मी वापरायला नको होता. त्या दिवशीनंतर वापरला नाही.”

तिला आम्ही पुन्हा बोलावलं. या वेळी पद्धत बदलली. पहिला अर्धा तास आया बोलल्या, ती ऐकत होती, वहीत लिहीत होती. मग ती बोलली. आणि तिच्या आधी, सगळ्यात पहिल्यांदा बोलली आमची बाय. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाचं ऐकणं घरी कसं पाहायचं ते तिने सांगितलं. मागे उभं राहून, सावली पडू न देता, जमिनीला हादरा न देता कसा आवाज करायचा, ते एका बाळावर करून दाखवलं. कुणी काही विचारलं नाही. त्या मुलाची आजी मात्र पुढे बसली होती आणि मान डोलवत होती.

पाळण्याची दोरी

आता स्वतःशी थोडं बोलू या. बारशाला आपण पाळण्याची दोरी कुणाच्या हातात देतो? ओटी भरायला कुणाला पुढे करतो आणि कुणाला “तू राहू दे गं, बस तिकडे” म्हणतो? बायला बावीस वर्षांत किती बारशी झाली असतील गावात. पोरं तिच्याकडे सांभाळायला दिली, पण पाळण्याला हात लावायला तिला कुणी बोलावलं नाही. माझ्या त्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. मूल नाही म्हणजे तिला काही कळत नाही, हे आपण फार आधीपासून धरून चाललोय. व्यासपीठावर मी ते फक्त मोठ्याने बोलले.

म्हणून यापुढे कुणी मुलांबद्दल सांगायला आलं, तर मी वेगळे प्रश्न विचारणार आहे. तुम्ही हे कशावरून सांगता? किती मुलं पाहिलीत? आमच्यासारख्या घरात हे कसं करायचं? आणि आमचं ऐकायला वेळ आहे का? याची उत्तरं ज्याच्याकडे आहेत, त्याच्या घरी पाळणा हलला की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. आणि हेच प्रश्न मी स्वतःलाही विचारणार आहे, कारण ‘माझ्या मुलाचं असंच होतं’ हे माझ्या तोंडात अगदी सहज येतं.

त्या मुलाला जुलैत कानाची मशीनं बसली. आई त्याला आठवड्यातून दोनदा बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडे नेते. शब्द अजून स्पष्ट नाहीत. गणपती विसर्जनाला आम्ही कोलशेतच्या घाटावर उभ्या होतो. ढोल-ताशांचं पथक जवळ आलं तसा तो दचकला आणि दोन्ही हात कानांवर ठेवून रडायला लागला. सगळे म्हणाले, अगं, घाबरला तो, घरी ने त्याला. त्याच्या आईचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती. तिने आवाज सहन होईना म्हणून त्याला कडेवर घेतलं, गर्दीतून मागे आली, आणि माझ्याकडे न देता बायच्या हातात दिलं.